डेटाबेस मंदावला की सगळे पॉड एकदम रीस्टार्ट होतात

रात्रपाळी: कुबरनेटीसवर (कंटेनर चालवणारी यंत्रणा) स्प्रिंग बूटच्या जावा ॲपचे सहा पॉड, म्हणजे सहा प्रती, आहेत. डेटाबेस दोनेक मिनिटं जरी रेंगाळला तरी सहाच्या सहा रीस्टार्ट होतात आणि तो सावरल्यावरही साइट बराच वेळ आडवीच. एक्झिट कोड १३७. लाइव्हनेस प्रोब (ॲप जिवंत आहे का ही ठरावीक वेळाने होणारी तपासणी) ॲक्च्युएटरच्या, म्हणजे स्प्रिंग बूटच्या देखरेख भागाच्या, हेल्थ पाथवर, बाकी आकडे डीफॉल्ट. मेमरी वाढवू का?

बॅकएंडवाला: थांबा, आधी पॉड डिस्क्राइब करून बघा. कारण 'ओओएमकिल्ड' (मेमरी संपल्याने मारलं) असेल तरच मेमरीकडे वळा. नुसतं 'एरर' आणि इव्हेंटमध्ये 'लाइव्हनेस प्रोब फेल्ड' असेल तर क्युबलेटनेच (प्रत्येक मशीनवर पॉड सांभाळणारा कुबरनेटीसचा प्रोग्रॅम) मारलंय: सिगटर्म (बंद हो अशी सूचना) दिला, ३० सेकंद थांबला, ॲप आवरेना, मग सिगकिल (जबरदस्तीने बंद). सिगकिलचा क्रमांक ९, म्हणून १२८ अधिक ९, १३७. (वेळेत बंद झालं असतं तर १४३ दिसला असता.)

गोम हेल्थ पाथमध्ये आहे. तो डेटाबेसलाही विचारतो, त्यासाठी हिकारीच्या पूलमधून (डेटाबेसची तयार कनेक्शनं राखून ठेवणारी लायब्ररी) कनेक्शन मागतो. पूल डीफॉल्टने १० चा. दहाही संथ क्वेरींत अडकली की हेल्थ चेक ३० सेकंदांपर्यंत ताटकळतो. प्रोबचा टाइमआउट मात्र १ सेकंद. दर १० सेकंदांनी एक, लागोपाठ तीन चुकले की रीस्टार्ट. धडधाकट पॉड अर्ध्या मिनिटात गेला! वर सहाही परत उठताना दमलेल्या डेटाबेसवर ६० नवी कनेक्शनं आदळतात.

स्प्रिंग बूट २.३ पासून हेल्थखाली लाइव्हनेसचा वेगळा पाथ आहे, तो डेटाबेसला विचारत नाही. प्रोब तिकडे न्या. डेडलॉक (ॲप आतल्या आत अडकून बसणं) रीस्टार्टने सुटतो, मंद डेटाबेस नाही.

यामलग्रस्त: साइट आडवी राहण्याचं कारण बहुधा वेगळं. ॲप उभं राहायला ३० सेकंदांहून जास्त लागत असतील तर लाइव्हनेस त्याला सुरू होतानाच मारतो. मग क्रॅशलूपबॅकऑफ, म्हणजे पुन्हा सुरू करण्याआधीची वाट: १०, २०, ४० सेकंद असं दुपटीने, ५ मिनिटांपर्यंत. स्टार्टअप प्रोब (ॲप सुरू झालं का ही तपासणी) लावा, थ्रेशोल्ड (किती वेळा चुकलं तर चालेल) ३०, पिरियड (दोन तपासण्यांतलं अंतर) १० सेकंद. ३०० सेकंद मिळतात आणि तोवर लाइव्हनेस गप्प. सीपीयू लिमिटही बघा. ५०० मिलीकोर (अर्धा कोर) म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत सीपीयू फक्त ५० मिलिसेकंद. जावाला सुरू होताना हेच नडतं.

रात्रपाळी: इव्हेंटमध्ये लाइव्हनेसच निघाला. मग डेटाबेसची तपासणी रेडिनेसमध्ये (पॉडकडे रिक्वेस्ट पाठवायच्या का हे ठरवणारी तपासणी) टाकू?

बॅकएंडवाला: सगळ्यांचा डेटाबेस एकच असेल तर नको. सहाही पॉड एकदम सर्व्हिसमधून (रिक्वेस्ट पॉडांत वाटणारा कुबरनेटीसचा भाग) बाहेर पडतील आणि कॅशवर चालणारी पानंसुद्धा ५०३ (सेवा उपलब्ध नाही) देतील. त्यापेक्षा हिकारीचा कनेक्शन टाइमआउट (कनेक्शनची वाट बघण्याची मर्यादा) २-३ सेकंदांवर आणा, म्हणजे अडकलेली रिक्वेस्ट लवकर एरर देऊन थ्रेड मोकळा करेल.