स्तनाचा कर्करोग वडिलांच्या बाजूने येऊ शकतो का? (मेरी-क्लेअर किंग यांच्या संशोधनाच्या निमित्ताने)

पारिजातक

अमेरिकन अनुवंशशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांच्या संशोधनाविषयी वाचताना दोन प्रश्न पडले. स्तनाच्या कर्करोगाशी निगडित जनुक १७व्या गुणसूत्रावर असल्याचे त्यांनी १९९० मध्ये दाखवले, परंतु ते जनुक प्रत्यक्ष हाती लागले १९९४ मध्ये. जे अजून कोणी पाहिलेच नव्हते त्याचा ठावठिकाणा चार वर्षे आधी कसा सांगता आला?

दुसरा प्रश्न घरचा आहे. माझ्या आत्याला चाळिशीच्या आत हा आजार झाला, ती आता हयात नाही. आणि अलीकडे तिच्या मुलीलाही त्याचे निदान झाले आहे. माझ्या तपासणीच्या वेळी आईला, मावशीला आणि आईच्या आईला काय झाले होते हे विचारले गेले. आत्याचा विषय निघालाच नाही आणि मलाही तो काढावासा वाटला नाही. तो काढायला हवा होता का?

कवडसा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. आईवडिलांकडून मुलांकडे गुणसूत्रे येताना त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, त्यामुळे गुणसूत्रावर एकमेकांना लागून असलेल्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सोबत जातात आणि दूर असलेल्यांची लवकर ताटातूट होते. जागा ठाऊक असलेली एखादी खूण घ्यायची आणि ती कुटुंबातील आजारी व्यक्तींबरोबर सातत्याने येते का हे पाहायचे. तशी ती येत असेल तर अज्ञात जनुक तिच्या आसपासच असले पाहिजे.

अडचण अशी होती की हा कर्करोग मुळातच फार आढळतो, आणि एकाच घरातील दोन रुग्णांपैकी एकीचा आजार आनुवंशिक तर दुसरीचा तसा नसलेला असू शकतो. किंग यांच्या गटाकडे २३ कुटुंबांतील १४६ रुग्णांची माहिती होती आणि सर्व कुटुंबे एकत्र धरली की चित्र पुसट होत असे. मग त्यांनी कुटुंबे निदानाच्या सरासरी वयानुसार क्रमाने लावली. ज्या घरांत आजार तरुण वयात आला होता तेथे खूण आणि आजार बरोबरीने जाताना स्पष्ट दिसले, उतारवयातील रुग्णांच्या घरांत तसे दिसले नाही. माझ्या मते त्यांच्या या कामाचा प्राण त्या क्रमवारीत आहे. इतक्या गुंतागुंतीच्या आजारामागे काही घरांत एकच जनुक असू शकते, हे तोवर अनेक तज्ज्ञांना पटत नव्हते. या जनुकाला पुढे बीआरसीए-१ म्हटले गेले, आणि १३व्या गुणसूत्रावरील बीआरसीए-२ हे १९९५ मध्ये सापडले.

औदुंबर

पारिजातक, आत्याचा उल्लेख नक्कीच करायला हवा होता, आणि तो आताही करा. ही दोन्ही जनुके लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नाहीत. त्यामुळे वडिलांकडे सदोष प्रत असेल तर ती प्रत्येक अपत्याकडे, मग तो मुलगा असो वा मुलगी, जाण्याची शक्यता ५० टक्के असते. पुरुषांना स्तनाचा कर्करोग क्वचित होत असल्याने वारसा त्यांच्यापाशी थांबल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो पुढे गेलेला असतो. किंग आणि त्यांच्या इस्रायली सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाची सुरुवात तर ८,०००हून अधिक निरोगी अश्केनाझी ज्यू (मध्य व पूर्व युरोपीय मूळ असलेल्या ज्यू) पुरुषांपासून झाली होती, आणि ज्यांच्यात दोष आढळला त्यांच्या नात्यातील स्त्रियांचा धोका मग पाहिला गेला. अशा कितीतरी घरांत लक्ष वेधून घेईल असा आजाराचा इतिहासच नव्हता.

२०१७ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार, बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७२ टक्के आणि बीआरसीए-२ मध्ये दोष असलेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के स्त्रियांना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. अंडाशयाच्या कर्करोगासाठी हेच आकडे ४४ आणि १७ टक्के आहेत. तरीही स्तनाचे बहुतेक कर्करोग या वारशाने होत नाहीत, हे विसरू नये.

या जनुकांची चाचणी शक्यतो आधी आतेबहिणीने करावी. तिच्यात नेमका दोष सापडला तर तुमच्या वडिलांमध्ये आणि तुमच्यात तेवढाच शोधता येतो, आणि तो तुमच्यात नसेल तर या वारशाचा जादा धोका तुम्हाला उरत नाही. आधी तुमची चाचणी झाली आणि काहीच आढळले नाही, तर घरात दोष आहे पण तुमच्याकडे आलेला नाही की तो मुळात या जनुकांत नाहीच, हे कळणार नाही. शिवाय आतेबहिणीला उपचारातही याचा उपयोग होऊ शकतो. दोन्ही जनुके डीएनएची तुटलेली साखळी सांधतात. ती क्षमता गमावलेल्या पेशी दुरुस्तीच्या दुसऱ्या मार्गावर विसंबतात, आणि ओलापरिबसारखी कर्करोगावरील औषधे नेमका तोच मार्ग बंद करतात, त्यामुळे त्या पेशी मरतात.

पारिजातक

आतेबहिणीशी आजच बोलले, ती तयार आहे. चाचणीच्या अहवालात कधी कधी ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो असे तिने ऐकले आहे. तसे झाले तर काय समजायचे?

कवडसा

त्याचा अर्थ असा की जनुकात बदल दिसला आहे, परंतु तो अपायकारक की निरुपद्रवी हे ठरवण्याइतका पुरावा अजून नाही. केवळ त्या शेऱ्याच्या आधारे शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. घरातील आजाराचा इतिहासच तोवर मार्गदर्शक मानावा. पुरावा साचत जातो तसे अशा बदलांचे वर्गीकरण बदलते, म्हणून अहवाल जपून ठेवावा आणि अनुवंश-समुपदेशकाकडे तो वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावा.