मदत हवी आहे: आरसी (रिमोटवर चालणारी) टुरिंग कार फक्त डाव्या वळणावर उलटते

उलटापालट
नमस्कार मंडळी. रविवारी रेस आहे, म्हणून पाल्हाळ लावत नाही. गाडी डावीकडच्या वळणांवर उलटते. उजवीकडे काही होत नाही, उलट जरा रुंदच जाते. स्प्रिंगा बदलून झाल्या, डॅम्परचं तेल बदलून झालं, कँबर (चाकांचा तिरकेपणा) वाढवून झाला. फरक शून्य. ट्रान्समीटरवर स्टीअरिंगचा थ्रो दोन्हीकडे सारखा आहे, तेव्हा ते सुचवू नका. लवकर सांगा प्लीज. "गूगल करा" म्हणणाऱ्यांना आगाऊ धन्यवाद.

लाकडी_पूल
टायर रोटेशन करून घ्या. माझी पण डावीकडे ओढायची, सिंहगड रोडला एकाकडे अलाइनमेंट केली, तेव्हापासून लोण्यासारखी चालते.

स्पूल_हवाच
पूलसाहेब, गाडी १:१० स्केलची आहे, तुमची सात सीटर नव्हे.
धागाकर्ते, "उलटते" एवढ्यावर काय सांगणार? चॅसी कुठली, मोटर कुठली, ट्रॅक कसला, टायर कुठले, वळणाच्या सुरुवातीला उलटते की मध्यावर?

उलटापालट
चॅसी टीटी-०२, मोटर १७.५ टर्न ब्रशलेस, ब्लिंकी मोडवर (टायमिंग न वाढवता). वरचे आर्म टर्नबकलचे (लांबी बदलता येणारे) घातलेत, डॅम्पर तेलाचे. बाकी नेहमीचंच.

स्पूल_हवाच
हे "नेहमीचंच" म्हणजे काय? डांबर का कार्पेट?

उलटापालट
कार्पेट अर्थातच. स्टुटगार्टजवळ राहतो, इथे जानेवारीत बाहेर कोण चालवणार? क्लबच्या हॉलमध्ये असतं. कंट्रोल टायर (सगळ्यांना एकच ठरलेले) आहेत, अ‍ॅडिटिव्ह (टायरला लावायचं ग्रिपचं द्रव) चालतं. वळणात शिरल्या शिरल्या नाही, मध्यावर आतली चाकं उचलतात आणि मग गेली.

नायट्रो_भाऊ
इलेक्ट्रिकवाल्यांचं हे असंच. मिलिमीटर मोजत बसायचं. एकदा १:८ ची नायट्रो बगी घ्या, मातीवर सोडा, धूर, आवाज, वास! उलटली तर उचलायची आणि पुन्हा सोडायची. माझ्याकडे दोन आहेत.

कार्पेट_किडा
भाऊ, त्यांनी बगी विचारली नाहीये.

उलटापालट, हा सरळ ट्रॅक्शन रोल आहे. कार्पेटवर ग्रिप इतकी असते की टायर घसरायच्या ऐवजी गाडीच बाहेरच्या चाकांवरून पलटी होते. उपाय एकच. पुढच्या टायरच्या बाहेरच्या साइडवॉलवर पातळ सुपरग्लू फिरवा. कडा सरकायला लागते, पकडत नाही. आणि अ‍ॅडिटिव्ह पुढच्या टायरला पूर्ण लावू नका, आतल्या अर्ध्या भागालाच लावा. न्यू जर्सीला आमच्याकडे सगळे हेच करतात.

स्पूल_हवाच
ग्लू हा इलाज नाही, पट्टी आहे. आधी राइड हाइट (चॅसी जमिनीपासून किती वर) सांगा. कार्पेटवर ५ ते ५.५ मिमी पुरे. डांबरावरची ६ तशीच ठेवली असेल तर दुसरं काही बघायलाच नको. दुसरं म्हणजे पुढे डिफ (डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळं फिरू देणारं) आहे की लॉक केलंय? टीटी-०२ च्या पुढच्या डिफमध्ये घट्ट पुट्टी भरून ते जवळपास स्पूल (दोन्ही चाकं एकत्र बांधलेली) करून टाका, वळणाच्या मध्यावर पुढचं टोक शांत होतं.

कार्पेट_किडा
आलं का तुमचं स्पूल! याच्या गाडीला ताप आला तरी तुम्ही स्पूलच सांगणार.

स्पूल_हवाच
आयडी वाचून घ्या.

ठाण्याचा_वाघ
रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती चॅसी झुकते) वर न्या. आर्मच्या आतल्या पिव्हटखाली शिम (पातळ चकती) घाला. चॅसी कमी झुकेल, गाडी जरा सुस्त होईल, पण उलटणार नाही.

कार्पेट_किडा
साध्या टीटी-०२ ला खालच्या आर्मचा पिव्हट चॅसीतच असतो हो. शिम कुठे घालणार, हवेत? ते टाइप-एस किंवा बेल्टवाल्या गाड्यांचं झालं.

ठाण्याचा_वाघ
वरच्या आर्मच्या बॉलस्टडखाली वॉशर घालून थोडंफार जमतं. माणूस मदत करतोय तर निदान टोन सांभाळा.

गॅरेजवाला_नाशिक
मंडळी, एक मिनिट. ट्रॅक्शन रोल, ग्लू, रोल सेंटर, सगळं कबूल. पण प्रश्न तो नाहीच. हे सगळे उपाय दोन्ही बाजूंना सारखे लागू होतात, गाडी मात्र एकाच बाजूला पलटते. म्हणजे गाडीत डावं-उजवं सारखं नाहीये. मी खऱ्या गाड्यांचं काम करतो, रॅलीवाल्यांच्या गाड्या चार वजनकाट्यांवर ठेवून सेट करतो. छोट्या गाडीला फिजिक्स वेगळं नसतं.

उलटापालट, दोन प्रश्न. हे कधीपासून सुरू झालं? आणि त्याच्या आसपास गाडीत काय बदललं? "काही नाही" सोडून काहीही उत्तर द्या.

उलटापालट
डिसेंबरपासून असेल. काही खास नाही... बॅटरी नवीन घेतली, शॉर्टी लायपो (आखूड लिथियम पॉलिमर). जुनी लांब स्टिकवाली फुगली होती. शॉर्टी हलकी आहे, म्हटलं वेग वाढेल. मधल्या जागेत फोम भरलाय. आणि एकदा फळीला जोरात ठोकली होती, पण काही तुटलं नाही.

स्पूल_हवाच
आणि हे आत्ता सांगताय!!

गॅरेजवाला_नाशिक
आता बोलू. टीटी-०२ मध्ये बॅटरी डावीकडे, मोटर उजवीकडे आणि मधोमध शाफ्ट. दोन्ही बाजू एकमेकींना तोलून धरतात. तुम्ही डावीकडचं वजन काढलंत. डाव्या वळणात गाडी उजव्या चाकांवर रेलते आणि गुरुत्वमध्य आता त्याच चाकांकडे सरकलाय. शिवाय ठोकर लागली असेल तर प्लास्टिकच्या टबला पीळ बसला असणार. आरसीवाले त्याला ट्वीक म्हणतात.

चार सारखे डिजिटल किचन काटे घ्या. जाड काच घ्या, लेव्हल बघा, त्यावर काटे. बॉडी काढून, बॅटरी लावून गाडी ठेवा. आधी सस्पेन्शन दोन-तीनदा दाबून सोडा, डॅम्पर अडकतात. मग चारही आकडे इथे टाका.

लाकडी_पूल
चार किचन काटे! घरी एक असला तरी बायको विचारते कशाला हवाय.

अनुजा_पी
पूलकाका, आमच्याकडे मीच विचारते :)
एकच काटा असेल तर बाकी तीन चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या ठेवून एकेक चाक मोजता येतं. माझा मुलगा तसंच करतो.

उलटापालट
क्लबमधून सेटअप काटे मिळाले. पुढचं डावं ३४५, पुढचं उजवं ३३३, मागचं डावं ३२३, मागचं उजवं ३७५ ग्रॅम. याचा अर्थ काय?

गॅरेजवाला_नाशिक
दोन वेगळे आजार आहेत.

पहिला: डावी बाजू ६६८, उजवी ७०८. चाळीस ग्रॅमचा फरक, तो बॅटरीचा.
दुसरा: कर्ण बघा. पुढचं डावं अधिक मागचं उजवं ७२०, दुसरा कर्ण ६५६. हा पीळ. हा पहिला कर्ण जड असला की डाव्या वळणात गाडी जास्त आत घुसते आणि उजव्या वळणात ढकलल्यासारखी रुंद जाते. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये "उजवीकडे रुंद जाते" लिहिलंय. कुणी वाचलं नाही.

आधी पीळ काढा, डावीकडे वजनासाठी शिसं नंतर. दोन्ही गिअरबॉक्सचे आणि डॅम्पर स्टेचे स्क्रू अर्धा-पाऊण फेरा सैल करा, गाडी काचेवर दाबून बसवा, मग कर्णाकर्णाने थोडे थोडे आवळा. तरी फरक राहिला तर मागच्या उजव्या स्प्रिंगवरचा स्पेसर पातळ करा. एका वेळी एकच, आणि लगेच पुन्हा मोजा.

ठाण्याचा_वाघ
४० ग्रॅमने गाडी उलटते? गुरुत्वमध्य जेमतेम अडीच मिमी सरकला असेल.

गॅरेजवाला_नाशिक
बरोबर, २.४ मिमी. एकट्याने उलटणार नाही. पण गाडी आधीच काठावर आहे, कार्पेट, अ‍ॅडिटिव्ह, त्यात पीळ. काठावरच्याला किती धक्का लागतो?

उलटापालट
४० ग्रॅम फरक म्हणजे डावीकडे ४० ग्रॅम शिसं लावू का?

गॅरेजवाला_नाशिक
नाही, इथे सगळे चुकतात. गाडी १९० मिमी रुंद, टायर २६ चा, म्हणजे मध्यापासून चाकाच्या मध्यापर्यंत ८२ मिमी. शिसं तुम्ही चाकावर नाही, चॅसीच्या कडेला लावणार, समजा मध्यापासून ६० मिमीवर. ४० गुणिले ८२ भागिले ६०, सुमारे ५५ ग्रॅम. जितकं खाली चिकटवाल तितकं चांगलं, बॅटरीवर टेपने नको. आणि तो फोम घट्ट करा, बॅटरी वळणात सरकता कामा नये.

नायट्रो_भाऊ
एवढ्या हिशोबात माझ्या दोन टाक्या संपल्या असत्या.

कोकणस्थ_नाही
जरा विषयांतर. नातू आठ वर्षांचा आहे, त्याला अशी गाडी घ्यायची आहे. जर्मनीवाले येताना आणतील का? इथे फार महाग पडतात असं ऐकलं.

स्पूल_हवाच
काका, २०२० मध्ये खेळण्यांवरची बेसिक कस्टम ड्यूटी २० वरून ६० टक्के झाली, २०२३ च्या बजेटात ७०. मागवलेल्या गाडीची किंमत त्यामुळे कुठच्या कुठे जाते. आठ वर्षांच्या मुलाला टुरिंग कार नको, जमिनीला घासत चालते, सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर अडकेल. मोठ्या चाकांची बगी द्या.

नायट्रो_भाऊ
बघा, शेवटी बगीच!

अनुजा_पी
आणि कुणी आणलीच तर लायपोचे सुटे पॅक चेक-इन बॅगेत नकोत, केबिन बॅगेतच. शंभर वॉट-अवरच्या आत असले की चालतात. ७.४ व्होल्ट, ५००० एमएएच म्हणजे ३७. टर्मिनलवर टेप लावायची. लायपो चार्ज करताना मुलाला एकटं सोडू नका, चार्जिंग बॅग घ्या.

उलटापालट
अपडेट. स्क्रू सैल करून आवळल्यावर कर्णांमधला फरक ६४ वरून १८ वर आला, एक स्पेसर पातळ केल्यावर ६ ग्रॅम. शिसं लावलं, डावं-उजवं जवळपास सारखं. काल प्रॅक्टिसला नेली. दोन्हीकडे सारखी वळते. फक्त सरळ पट्टीनंतरच्या लांब डाव्या वळणावर, थ्रॉटल धरून ठेवला की आतलं पुढचं चाक अजून उचलतं. उलटत नाही, पण भीती वाटते. गॅरेजवालेसाहेब, एक बिअर लागू.

गॅरेजवाला_नाशिक
बिअर नको, नाशिकला वाइन मिळते :) ते शेवटचं कशामुळे असेल ते आरसीवाल्यांनी सांगावं, तिथे मी अडाणी.

स्पूल_हवाच
मोटर शाफ्टला समांतर असल्यामुळे थ्रॉटलवर चॅसीला एका बाजूला पीळ बसतो, शाफ्टच्या गाड्यांत तो थोडाफार राहणारच. राइड हाइट मी कधीची विचारली, अजून सांगितली नाहीत. आणि पुढचं डिफ.

उलटापालट
राइड हाइट ६.

स्पूल_हवाच
...

कार्पेट_किडा
साडेपाचवर आणा. आणि आता ग्लू लावा, आता त्याला अर्थ आहे. पुढचे दोन्ही टायर, फक्त बाहेरची साइडवॉल, एक पातळ थर. ट्रेडवर थेंबही येऊ देऊ नका आणि शनिवारी रात्रीच लावून ठेवा, सकाळी हॉलमध्ये नको. क्लबच्या नियमात चालतं का ते आधी विचारा, काही ठिकाणी कंट्रोल टायरला हात लावू देत नाहीत.

उलटापालट
विचारलं. चालतं. लावतो.

कोकणस्थ_नाही
बगीत पेट्रोलची घ्यावी का बॅटरीची?