मदत हवी आहे: कोरियन कंपन्या देशाबाहेर कारखाने का काढतात, आणि किती टिकतात?

प्रेसशॉपवाला

नमस्कार मंडळी. चाकणजवळ आमचं छोटं प्रेस शॉप आहे. गाड्यांचे ब्रॅकेट, क्लॅम्प वगैरे जॉबवर्क. ह्युंदाईने जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेतला (करार २०२३चा) आणि ऑक्टोबर २०२५पासून तिथून गाड्या निघू लागल्या. त्यांना माल देणाऱ्या एका कोरियन कंपनीने आमच्याकडे कोटेशन मागितलंय. काम घ्यायचं तर जास्त टनेजचं (जास्त दाब देणारं) प्रेस हवं, म्हणजे कर्ज आलं. वडील म्हणतात, परदेशी कंपन्या येतात तशा जातात, हप्ता मात्र आपल्याच दारात बसून राहतो.

म्हणून प्रश्न जरा मुळापासून विचारतोय. हे लोक आपला देश सोडून बाहेर का पडतात? स्वस्त मजूर हे कारण पटत नाही, कारण याच कंपन्या अमेरिकेतही कारखाने काढतात. बाकी जिकडे वाचावं तिकडे 'वाढती बाजारपेठ' एवढंच लिहिलेलं. खरं कारण कळलं तर किती दिवस थांबतील याचा काही अंदाज बांधता येईल. कोणी तिकडे राहिलेलं किंवा या धंद्यातलं असेल तर सांगा.

टपरीवरचा

मजुरी कमी, एमआयडीसीची जागा, वर सरकारच्या सवलती. अजून काय लागतं? वडिलांना +१.

सोलकढी_ते_सोल

टपरीवरचा, तुमचं उत्तर चूक नाही, पण ते तीस-पस्तीस वर्षं जुनं आहे. मी सोलजवळ सुवॉनला राहतो, इथून जे दिसतं ते लिहितो.

आधी घर किती लहान आहे ते बघा. दक्षिण कोरियाची लोकसंख्या सव्वापाच कोटींच्याही आत, म्हणजे २०११च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी. २०२३ साली इथला जननदर ०.७२वर आला, जगात सर्वांत कमी. पुढचं गिऱ्हाईक जन्मालाच येत नाहीये. ह्युंदाईने २०२४मध्ये जगभर सुमारे ४१ लाख गाड्या विकल्या, त्यातल्या कोरियात जेमतेम ७ लाख. म्हणजे कोरिया हे त्यांचं मुख्यालय आहे, बाजारपेठ बाहेर आहे. त्यांचा उल्सानसारखा अवाढव्य कारखाना नुसत्या देशातल्या मागणीवर चालूच शकत नाही. निर्यात करा नाहीतर बंद करा, हे गणित साठ-सत्तरच्या दशकातले लष्करशहा पार्क चुंग-हींच्या काळापासूनचं.

आता निर्यात सोडून बाहेर कारखानेच का, याची कारणं एकावर एक चढत गेली आहेत. सुरुवातीला कच्चा माल. इथे तेल नाही, लोहखनिज नावापुरतं. १९६८ साली एक कोरियन कंपनी लाकडासाठी इंडोनेशियातल्या कालिमंतानच्या जंगलात गेली, ती पहिल्या परदेशी गुंतवणुकींपैकी एक. मग मजुरी. १९८७च्या उन्हाळ्यात लोकशाहीसाठी आंदोलन झालं आणि पाठोपाठ तीन हजारांहून जास्त संप. पगार भराभर वाढले. बुसान तेव्हा जगातल्या नामांकित ब्रँडांचे बूट शिवून देणारं शहर होतं. काही वर्षांत ते काम इंडोनेशिया, चीन आणि १९९२मध्ये राजनैतिक संबंध जुळल्यावर व्हिएतनामला गेलं. टपरीवरचा म्हणतात ती लाट हीच.

सॅमसंगचे फोन हे तिचं मोठं रूप. २००९च्या सुमारास हनोईजवळच्या बाक निन्हमध्ये कारखाना सुरू झाला, मग थाय न्गुयेनमध्ये. आज त्यांचे निम्मे फोन व्हिएतनाममध्ये बनतात असं म्हणतात. चीनमधला शेवटचा फोन कारखाना (ह्वेजो) २०१९मध्ये बंद केला. तिथली मजुरी वाढली होती आणि चिनी गिऱ्हाईक सॅमसंग घ्यायचंही थांबलं होतं. दोन्ही कारणं एकदम संपली की कंपनी उठते. हे वाक्य जपून ठेवा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

जमाखर्च

सोलकढी छान लिहिताय. मी आयात-जकातीची बाजू जोडतो, भारतात यायचं मुख्य कारण तीच.

पूर्ण तयार गाडी बाहेरून आणायची तर आपल्याकडे आयात शुल्क वर्षानुवर्षं ६० ते १०० टक्के. ह्युंदाईची सँट्रो उल्सानहून जहाजाने आणून मारुतीशी स्पर्धा झालीच नसती. म्हणून ह्युंदाईने १९९६मध्ये शंभर टक्के मालकीची कंपनी काढली, चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला कारखाना टाकला आणि १९९८मध्ये सँट्रो आणली. देशी भागीदार घेतलाच नाही, त्या काळात हे धाडसाचं होतं. पुढे त्यांच्याच समूहातली किआ आंध्रात अनंतपूरला आली, २०१९मध्ये. एलजीचं रांजणगाव तुम्हाला माहीतच आहे.

अमेरिकेचं कोडं वेगळं. ह्युंदाईचा अलाबामातला कारखाना २००५मध्ये सुरू झाला तेव्हा तिथे गाड्यांवर शुल्क अवघं अडीच टक्के होतं. मग का गेले? वॉनचा (कोरियन चलनाचा) भाव वरखाली झाला की निर्यातीचा नफा उडतो, आणि आपल्या राज्यात नोकऱ्या देणाऱ्या कंपनीवर तिथला राजकारणी सहसा हात टाकत नाही. २०२२च्या कायद्याने तर विजेच्या गाडीला करसवलत हवी असेल तर ती उत्तर अमेरिकेतच जोडलेली असली पाहिजे, अशी अट घातली. जॉर्जियातल्या त्यांच्या नव्या कारखान्याची घाई त्यामुळे आणखी वाढली. २०२५मध्ये ट्रम्प यांनी २५ टक्के शुल्क लावलं, ते १५वर आणताना कोरियाने ३५० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचं वचन दिलं. याला गुंतवणूक म्हणावं की खंडणी, ज्याने त्याने ठरवावं. त्याच सप्टेंबरात जॉर्जियातल्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर धाड पडली आणि तीनशेहून जास्त कोरियन लोक पकडले गेले. बोलावलं कोणी आणि पकडलं कोणी!

अनुस्वार

सगळे यशाच्या गोष्टी सांगताय. देवू ही कोरियन कंपनी विसरलात? आमच्या कॉलनीत तिची सिएलो गाडी होती, कंपनी गेल्यावर सुट्या भागांसाठी मालकांनी किती खेपा घातल्या ते बघितलंय.

सोलकढी_ते_सोल

विसरलो नाही, तिकडेच येत होतो. देवूचे किम वू-चूंग यांनी नव्वदीच्या दशकात पोलंड, रोमानिया, उझबेकिस्तान, भारत असा सपाटा लावला होता. कारखाने एकामागून एक, पण सगळे कर्जावर. १९९७चं आशियाई संकट आलं, नाणेनिधीने व्याजदर वर नेले आणि १९९९मध्ये समूहच कोसळला. भारतातला सुरजपूरचा कारखाना त्याच्या पाठोपाठ गेला. बाजारपेठ होती, घरचा हिशोब पोकळ होता. (याच देवूचा ट्रकचा धंदा २००४मध्ये टाटांनी घेतला. महिंद्रांनी सँगयाँग ही दुसरी कोरियन गाडी कंपनी घेतली, ती गोष्ट मात्र नीट संपली नाही.)

ह्युंदाईही पाठ फिरवते. कॅनडात क्वेबेकमधल्या ब्रोमाँटला १९८९मध्ये कारखाना काढला आणि १९९३मध्ये बंद केला, गाडी खपलीच नाही. चीनमध्ये २०१६पर्यंत जोरात होते. मग कोरियाने अमेरिकेची थाड ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायचं ठरवलं आणि चीन भडकला. त्या यंत्रणेला जागा लॉटे या कोरियन समूहाने आपल्या गोल्फ कोर्सची दिली होती, म्हणून लॉटेच्या चीनमधल्या दुकानांना अग्निसुरक्षेच्या नावाखाली कुलपं लागली. ह्युंदाईचा खप पडला तो सावरलाच नाही, चिनी विजेच्या गाड्यांनी उरलंसुरलं खाल्लं. पुढे बीजिंगचा पहिला कारखाना विकला, मग चोंगचिंगचा. रशियात युद्धानंतर सेंट पीटर्सबर्गचा कारखाना नाममात्र १० हजार रूबलला दिला, परत विकत घेण्याचा हक्क राखून.

आणि ओडिशातली पॉस्को, कोरियाची पोलाद कंपनी? २००५चा करार, १२ अब्ज डॉलर, पण जमीन आणि खाणीचा घोळ सुटला नाही, २०१७मध्ये माघार. तीच पॉस्को माणगावजवळ विळे-भागाडला गाड्यांचा पत्रा बनवते आणि टिकून आहे. खनिजासाठी आलेली गेली, गिऱ्हाइकासाठी आलेली राहिली.

प्रेसशॉपवाला

सगळ्यांचे आभार. म्हणजे मजुरीसाठी आलेले उठतात, बाजारासाठी आलेले थांबतात, असं धरू का? तसं असेल तर तळेगाव दुसऱ्या खात्यात येतं, नाही का?

जमाखर्च

साधारण हो. भारतात वर्षाला ४३ लाखांच्या आसपास प्रवासी गाड्या विकल्या जातात, कोरियात सोळा-सतरा लाख. चीन आणि रशिया हातचे गेल्यावर ह्युंदाईला एवढा मोठा बाजार सोडणं परवडणार नाही. २०२४मध्ये इथल्या शेअरविक्रीतून पालक कंपनीने सुमारे २७,८७० कोटी उचलले, ते सगळे सोलला गेले, यावर बरीच बोंब झाली. मला त्यात पळ काढण्याची चिन्हं दिसत नाहीत. ८० टक्क्यांहून जास्त हिस्सा त्यांच्याचकडे आहे, रॉयल्टीही मिळते. दुभती गाय कोणी विकत नाही.

पण दादा, तुमचं गिऱ्हाईक ह्युंदाई नाही, तिचा पुरवठादार आहे. तो प्रश्न वेगळा.

सोलकढी_ते_सोल

अगदी. कोरियन गाडी कंपनी परदेशात जाते तेव्हा पुरवठादारांचं अख्खं वऱ्हाड बरोबर नेते. अलाबामात, चेन्नईत, सगळीकडे तेच. वर्षानुवर्षं एकत्र काम केलेलं असतं, दर्जाची भाषा एक असते, आणि 'चला' म्हटल्यावर नाही म्हणायची त्या पुरवठादारांची टाप नसते. त्यामुळे महत्त्वाचं काम आपसात राहतं. देशी लोकांकडे येतं ते अवजड, वाहतुकीला महाग किंवा कमी मार्जिनचं. ब्रॅकेट त्यातच मोडतात. वाईट नाही, पण नगामागे दर दरवर्षी थोडा कमी करून मागतील, ते कोटेशनमध्ये आधीच धरा. निर्णय सोलमधून किंवा चेन्नईतून येईल, तळेगावचा मॅनेजर फक्त निरोप देईल.

टपरीवरचा

हे मात्र खरं. मेहुणा रांजणगावला आहे, त्याच्याकडेही साहेब फोन झाल्याशिवाय हो म्हणत नाही.

प्रेसशॉपवाला

मग सही करण्याआधी नेमकं काय विचारू? त्यांचा माणूस शुक्रवारी शॉपवर येतोय.

जमाखर्च

चार गोष्टी लेखी घ्या. पार्ट कुठल्या मॉडेलचा आहे आणि ते मॉडेल किती वर्षं चालणार. गाडी बदलली की ब्रॅकेटही बदलतो, तुमचा हप्ता बदलत नाही. डायचा (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचा) पैसा कोण घालणार. तो नगामागे वसूल करायला सांगितलं तर ठरलेले नग न उचलल्यास उरलेली रक्कम एकरकमी मिळेल असं लिहून घ्या. पत्रा तुम्ही आणायचा की ते देणार. तुम्ही आणणार असाल तर पत्र्याचा भाव वाढला की दर कधी सुधारणार. आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आधी करा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाही दिले तर १ एप्रिल २०२४पासून देणाऱ्याला त्या खर्चाची आयकरातली वजावट त्या वर्षी मिळत नाही. हा मुद्दा त्यांचा अकाउंटंट नक्की ऐकेल.

प्रेस शक्यतो असं घ्या की चाकणच्या बाकीच्या गिऱ्हाइकांचं कामही त्यावर चालेल. टनेज आणि बेडचा आकार इथे टाका, त्या मापाचं जुनं मशीन कुठे मिळतं का बघतो.