एनएफएस सर्व्हर बंद पडला की स्टॅटव्हीएफएस अडकतो, काय करू?

कोकणकडा:
नमस्कार मंडळी, लिनक्सवर सी मध्ये एक छोटा मॉनिटर लिहिलाय. दर मिनिटाला गेटएमएनटीएंट ने एमटॅब (जोडलेल्या फाइलसिस्टिमची, म्हणजे माउंटची यादी) वाचायची, प्रत्येक माउंटवर स्टॅटव्हीएफएस (जागेचे आकडे देणारा कॉल) मारायचा आणि उरलेली जागा लॉग करायची, एवढंच. काल रात्री ऑफिसातला एनएफएस (नेटवर्कवरून फाइली देणारा) सर्व्हर गेला आणि प्रोग्राम जागच्या जागी गप्प, पीएस मध्ये नुसता डी (उत्तराची वाट बघत अडकलेला), साध्या किलने मरेना म्हणून शेवटी किल -९ (सिगकिल) मारलं, आणि तोवर इकडे लोकल डिस्क भरत होती तिचा अलर्टच आला नाही. शिवाय माझी मोकळी जागा डीएफ कमांडपेक्षा जास्त दिसते, ५० जीबीच्या रूटवर अडीच जीबीचा फरक. यादीच वेगळीकडून वाचायला हवी का?

पाटा-वरवंटा:
यादी वाचताना अडकत नाहीये. एमटॅब हल्ली बहुतेक ठिकाणी प्रॉक मधल्या सेल्फ/माउंट्स कडे जाणारी सिमलिंक असते, ते कर्नलच्या मेमरीतलं टेबल आहे, त्यासाठी सर्व्हरला कोणी विचारत नाही. विचारतो तो स्टॅटव्हीएफएस, आणि एनएफएस डीफॉल्टने हार्ड माउंट असतं म्हणजे उत्तर येईपर्यंत विचारतच राहणार. म्हणून आधी फाइलसिस्टिमचा टाइप बघ, एनएफएस, सीआयएफएस, फ्यूज वाले (नेटवर्कवर किंवा दुसऱ्या प्रोग्रामवर अवलंबून असणारे) बाजूला काढ आणि त्यांच्यासाठी वेगळा चाइल्ड प्रोसेस फोर्क कर. थ्रेड नको, कारण तिथे फक्त सिगकिल चालतो आणि त्याने अख्खा प्रोसेस जातो.
आणि जमलं तर प्रॉक मधलीच सेल्फ/माउंटइन्फो वाच, कर्नल २.६.२६ पासून आहे, त्यात माउंट आयडी, पॅरेंट आयडी, मेजर:मायनर सगळं मिळतं. फक्त डावीकडून फील्ड मोजत टाइपपर्यंत जाऊ नकोस, मधे शेअर्ड:१ सारखी ऑप्शनल फील्ड कधी असतात कधी नसतात, एकटा डॅश दिसला की त्याच्यापुढे टाइप. माउंटच्या नावात स्पेस असेल तर तिथे \०४० येतं, ते स्वतः उलगडावं लागतं, मी यात एकदा पूर्ण दिवस घालवलाय.

रात्रपाळी:
अडीच जीबीचं कारण सोपंय, तू एफ_बीफ्री (सगळे मोकळे ब्लॉक) घेतोयस. एक्स्ट४ फाइलसिस्टिम डीफॉल्टने ५ टक्के ब्लॉक रूटसाठी राखून ठेवतं, ५० चे ५ टक्के म्हणजे तुझे अडीच. एफ_बीअवेल (साध्या युजरला मिळणारे ब्लॉक) घे आणि एफ_एफआरसाइझ ने गुण, एफ_बीसाइझ ने नाही.
दर मिनिटाला यादी परत वाचायचीही गरज नाही, माउंटइन्फो उघडी ठेवून पोल (बदलाची वाट बघणारा कॉल) लाव, काही माउंट-अनमाउंट झालं की पोलप्राय हा इशारा येतो. हजारो माउंट असतील तर ६.८ कर्नलपासून लिस्टमाउंट आणि स्टॅटमाउंट हे कॉल आहेत, हव्या त्या एकाच माउंटची माहिती मागता येते. आणि कंटेनरमध्ये चालवणार असशील तर सेल्फ म्हणजे त्याच माउंट नेमस्पेसची (त्या कंटेनरला दिसणाऱ्या माउंटची) यादी, होस्टची नाही, हे धरून चाल.

कोकणकडा:
खूप आभार दोघांचे. चाइल्ड वेगळा केला, ३ सेकंदांत उत्तर नाही आलं तर सिगकिल. आत्ता फायरवॉलने एनएफएसचा २०४९ पोर्ट बंद करून बघितलं, चाइल्ड मेला आणि लोकल डिस्कचा लॉग एक मिनिटही चुकला नाही. रूटचा आकडाही डीएफशी जुळला.