प्रतिसाद: कीकॅप बदलल्यावर स्विच 'जड' का वाटतो?

वर कोणीतरी म्हटलंय की मेकॅनिकल कीबोर्डवर जाड पीबीटी (टणक प्लास्टिक) कीकॅप, म्हणजे कळेवरची टोपी, लावल्यावर लिनिअर स्विच (दाबताना मध्ये खटका न देणारा) जड वाटू लागला. स्प्रिंग तीच आहे, त्यामुळे दाबायला लागणारं बळ बदलत नाही. कॅपच्या वजनात फार तर एखाद्या ग्रॅमचा फरक, ४५ ग्रॅमच्या स्प्रिंगपुढे तो नगण्य. बदलते ती उंची आणि आवाज. एसए (उंच आकाराचा एक प्रोफाइल) सारखी उंच कॅप कडेला दाबली की स्टेम (स्विचचा खाली-वर होणारा दांडा) जास्त तिरपा होऊन हाऊसिंगला (स्विचच्या कवचाला) घासतो. खरखरीत स्विचवर हे लगेच जाणवतं. कॅपची भिंत १.५ मिमी असेल तर आवाज खोल येतो, १ मिमीची पातळ कॅप टकटक करते.

मात्र चेरी प्रोफाइल (बुटक्या आकाराची कॅप) असेल आणि स्विचमधली एलईडीची खाच वरच्या बाजूला (नॉर्थ-फेसिंग) असेल, तर आधी एएसडीएफची रांग तपासा. तिथे कॅपची आतली कड हाऊसिंगवर आपटते, तळ गाठताना बोथट 'थप्' येते आणि लोक स्विचला दोष देतात. त्याच स्विचवर वरच्या, क्यूच्या रांगेतली कॅप लावून पाहा. थप् गेली, तर दोष कॅपचाच. लाँग-पोल (लांब दांड्याच्या) स्विचचा प्रवास आखूड असल्याने तिथे बहुधा ही आपटाआपटी होत नाही.

स्पेसबार मात्र वेगळा. पीबीटीचा बार बऱ्याचदा वाकलेला असतो, मग स्टॅबिलायझर (लांब कळ समतोल ठेवणारी तार) अडकतो. सपाट काचेवर उपडा नाही, सुलटा ठेवा. मधून उजेड दिसला तर तो वाकलाय. गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून, सरळ दाबून थंड होऊ द्या. आणि कॅप काढायला तारेचाच पुलर, ओढ सरळ वर.