मदत हवी आहे: मदरबोर्ड ११२ अंशांवर, रेंडर अर्ध्यातच लटकतोय

पिक्सेलवाला: तीन दिवस झाले. फ्रेम बनवायला रेंडर लावला की वीसेक मिनिटांत मशीन मरगळतं, माउसचा बाणसुद्धा अडखळत सरकतो. सीपीयू ८०, मदरबोर्ड मात्र ११२! धूळ काढलीय, प्रोसेसरवरची पेस्ट बदललीय, तेव्हा ते सांगू नका. शुक्रवारी क्लायंटला फाइल द्यायचीय. लवकर सांगा.

खटपट्या: बोर्ड कोणता? प्रोसेसर? तापमान कशात बघितलं? ज्योतिषीसुद्धा आधी जन्मवेळ विचारतो हो.

जुनाखोड: एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, बदला. माझं अगदी असंच झालं होतं. बदलला, विषय संपला.

पिक्सेलवाला: @जुनाखोड एसएमपीएस नवा आहे, ७५० वॅटचा. @खटपट्या रायझन ९ ३९००एक्स, बी४५० बोर्ड. हार्डवेअरइन्फोमध्ये 'व्हीआरएम एमओएस' समोर ११२ दिसतंय.

मीनलताई: घाबरू नका. माझ्या बोर्डावर एक सेन्सर चार वर्षं १२७ दाखवतोय. त्याला काही जोडलेलंच नाही!

खटपट्या: ताई, तसला आकडा एका जागी खिळलेला असतो. यांचा चढतो का? चालू केल्याकेल्या किती असतं?

पिक्सेलवाला: ५० च्या आसपास. रेंडर लावला की चढत जातं.

खटपट्या: मग खरं आहे. कूलर कोणता आहे?

पिक्सेलवाला: लोखंडी, खस लावलेला. खिडकीत आहे. पण अकोल्यात मे महिन्यात तो तरी काय करणार, दुपारी खोली ३८.

खटपट्या: अहो, प्रोसेसरवरचा!!

नागपुरी_संत्रं: 😂😂 भाऊ, खिडकीतला कूलर कॅबिनेटकडे वळवू नका मात्र. दमट हवा थेट बोर्डावर. माझ्या साउंड कार्डाच्या पट्टीवर हिरवी बुरशी चढली होती तशी.

जुनाखोड: आमच्याकडे दहा वर्षं कूलरसमोरच मशीन आहे. काही होत नाही. अर्थिंग तपासा, अर्थिंग.

पिक्सेलवाला: हां, तो होय. सोबत आलेला पंखा काढून गेल्या शनिवारी लिक्विड कूलर बसवला. सीपीयू ९४ चा ८० वर आला, तो भाग एकदम मस्त आहे. त्याचा इथे काय संबंध?

खटपट्या: तोच संबंध! हे पहिल्या ओळीत सांगायचं होतंत. सोबत येणारा पंखा वरून खाली हवा मारतो. ती हीटसिंकमधून निघून बोर्डावर आपटते आणि प्रोसेसरच्या सॉकेटच्या कडेच्या व्हीआरएमवरून जाते. तुम्ही नकळत त्याचा पंखा काढून घेतलात. हा व्हीआरएम एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट सव्वा व्होल्टच्या आसपास आणून प्रोसेसरला देतो. ३९००एक्सच्या खोक्यावर १०५ वॅट लिहिलंय, पण तो १४२ पर्यंत ओढतो. बोर्ड भाजायला लागला की प्रोसेसरचा गळा आवळतो, म्हणून बाण अडखळतो. सॉकेटच्या डावीकडे आणि वर काळे चौकोनी तुकडे दिसतील. त्यांवर धातूची पट्टी आहे का? बोट लावू नका.

पिक्सेलवाला: डावीकडे आहे. वरचे उघडेच.

खटपट्या: झालं तर. बाजूचं झाकण काढा, १२० मिमीचा एखादा पंखा झिप टायने बांधा, तोंड त्या तुकड्यांकडे. बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, इको मोड असेल तर ६५ वॅटचा निवडा. मग प्रोसेसर ८८ वॅटच्या वर जात नाही.

फ्रेमखाऊ: बारा कोअर विकत घ्यायचे आणि बांधून ठेवायचे? बोर्डच बदला, एक्स५७० घ्या.

खटपट्या: शुक्रवारच्या आत? तुम्ही आणून देताय का अकोल्याला?

अमेरिकेतला_मामा: मी तर कधीचा मॅकवर गेलो. ही कटकटच नाही.

मीनलताई: मामा, प्रश्न काय आहे ते वाचता का कधी?

पिक्सेलवाला: झिप टाय नव्हत्या, जुना कॅबिनेट फॅन सुतळीने बांधलाय. नुसत्या पंख्यावर ९३. इको मोड लावल्यावर ८१. फ्रेमला आधीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतोय, पण सव्वा तास झाला, अडकला नाही. खटपट्याभाऊ, अकोल्यात आलात की चहा माझ्याकडून.

खटपट्या: सुतळीचं टोक पात्यात जाणार नाही ना, बघा. आणि झाकण उघडं आहे तोवर रात्री आतले रंगीत दिवे बंद ठेवा. दिव्यांवर किडे येतात, किड्यांमागे पाल.

जुनाखोड: तरी एसएमपीएस एकदा दाखवून घ्याच.

नागपुरी_संत्रं: खस कुठून घेता हो? आमच्याकडची पंधरा दिवसांत वास मारते.