'राखीव' म्हणजे नेमका कोण? रिझर्व्हिस्टला मराठी शब्द

दापोलीकर:
2023च्या ऑक्टोबरात इस्रायलने 3 लाख 60 हजार 'राखीव दल' बोलावल्याची बातमी चालू होती. शेजारच्या काकू टीव्हीसमोर बसलेल्या. म्हणाल्या, "एवढी एसआरपी त्यांनी ठेवलीन होती कुठे?" तेव्हा हसलो, पण काकूंचं चुकलं काय? 'राखीव' म्हटलं की आपल्यासमोर निवडणुकीत शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम टाकणारी तुकडीच येते. इंग्रजी बातमीत ते 'रिझर्व्हिस्ट' होते. त्याला मराठीत सरळ शब्द आहे का?

वाशिष्ठीकाठ:
काकूंची बाजू घेतो. राज्य राखीव पोलीस दल, म्हणजे त्यांची एसआरपी, 1948चं. केंद्रीय राखीव पोलीस दल 1939चं, आजचं नाव 1949 साली मिळालं. दोन्हींतला जवान बारा महिने गणवेशात. ठाण्याच्या रोजच्या कामाला न जुंपता बाजूला ठेवलेला, म्हणून राखीव. (आता त्यांची धावपळ बघता बाजूला कसला ठेवलाय, ते सोडा.) रिझर्व्हिस्ट नेमका उलटा. सैन्यात शिकून तयार झालेला, पण आज आपल्या दुकानात नाहीतर शेतात. तिसरा अर्थही आहे: ऐन लढाईत सेनापती एक तुकडी मागे धरून ठेवतो, तीही राखीवच. इंग्रजीतही एकाच शब्दावर भागवतात, तेव्हा दोष एकट्या मराठीचा नाही.

माहेर कुडाळ:
मूळ धातू 'राखणे'. आमच्याकडे गावाचो राखणदार असतो, त्याला राखण देतात. तो काही मागे ठेवलेला नव्हे, रात्रभर वेशीवर फिरणारा. ही राखण म्हणजे पहारा. दुसरं राखणं म्हणजे बियाण्याचं भात मुडीत बांधून ठेवणं. घरात तांदूळ संपला तरी त्या मुडीला हात लावायचा नाही. 'राखीव' आलाय या दुसऱ्या राखण्यातून. एसआरपीच्या नावात अर्थ मुडीचा आहे, काम मात्र राखणदाराचं, म्हणून गोंधळ.

लांजेकर:
जुना 'शिलेदार' का नको? लढाईला येतो, नंतर घरी जातो.

वाशिष्ठीकाठ:
नाही हो दादा. शिलेदार आणि बारगीर हा फरक घोड्याचा. स्वतःचा घोडा तो शिलेदार, सरकारी घोड्यावरचा बारगीर. दसऱ्याला मुलुखगिरीवर निघायचं आणि पावसाळ्यात छावणीला परतायचं, हे दोघांनाही होतं. 'चंदावल' म्हणजे पिछाडी, 'कुमक' म्हणजे वेळेवर धाडलेली मदत. माणसाला 'कुमक' म्हणता येत नाही. 'शिबंदी' जरा जवळ जाते, पण ती हंगामी आणि स्थानिक, वसुलीच्या कामालाही लावत.

खेड तालुका:
पुस्तकं बाजूला ठेवा, आमच्या घरात हा शब्द चालत होता. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत. त्यांच्या डिस्चार्ज बुकात सात वर्षं 'कलर सर्व्हिस' आणि पुढे आठ वर्षं 'रिझर्व्ह'. आजीला कायम वाटायचं, सात वर्षं रंगकाम केलं. कलर म्हणजे पलटणीचं निशाण; निशाणाखाली असेपर्यंतची नोकरी ती कलर सर्व्हिस. पुढची आठ वर्षं घरी राहून नांगर धरायचा, अधूनमधून बेळगावला ट्रेनिंगला जायचं, थोडे पैसे मिळायचे. दोन्ही मिळून पंधरा भरली म्हणून रिझर्व्हिस्टची पेन्शन लागली. गावात त्यांना कोणी 'माजी सैनिक' म्हणत नसे, 'रिझर्वातले' म्हणत. 1971ला तार आली तेव्हा खळ्यात झोडणी चालली होती. हातातली पेंढी तशीच टाकून घरात गेले, ट्रंक उघडली, बूट काढले. बूट आखडले होते. खोबरेल चोळून रात्रभर चुलीशेजारी ठेवले, सकाळच्या एसटीने निघाले. उरलेलं भात आजीने आणि चुलत्याने झोडलं.

दापोलीकर:
बुटांची गोष्ट बरी सांगितलीत. म्हणजे शब्द होता, आपणच छापला नाही.

माहेर कुडाळ:
माझा मामेभाऊ टीएत, म्हणजे टेरिटोरियल आर्मीत (प्रादेशिक सेनेत) आहे, कोल्हापूरच्या 109 बटालियनमध्ये. तोही राखीवच ना?

वाशिष्ठीकाठ:
ताई, तो वेगळा. प्रादेशिक सेनेचा कायदा 1948चा, उद्घाटन 9 ऑक्टोबर 1949ला राजगोपालाचारींच्या हातून. तिथे सैन्यात आधी नोकरी केलेली असावीच लागत नाही. आपला धंदा सांभाळून आलेला नागरिक, इन्फंट्रीत असेल तर वर्षाला साधारण दोन महिने ट्रेनिंग. गरज पडली की 'एम्बॉडी' करतात, म्हणजे सेवेत बोलावून घेतात, काम संपलं की 'डिसएम्बॉडी', म्हणजे घरी. रेल्वे आणि तेल कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या वेगळ्या टीए युनिट आहेत. रिझर्व्हिस्ट म्हणजे सैन्यातून बाहेर येऊनही बांधलेला, टीएवाला बाहेर राहून आत येणारा. अमेरिकेचं नॅशनल गार्ड आणखी निराळं, एरवी ते राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली असतं. आपले पेपर त्याचं 'राष्ट्रीय रक्षक' करतात आणि वाचणाऱ्याला आपली एनएसजी, कमांडोंची, आठवते.

माहेर कुडाळ:
त्याच्या तोंडी 'एम्बॉडी झालो' अगदी रुळलंय. मामी विचारते, "मग आता डिस कधी होणार?"

लांजेकर:
सिंगापूरने 1994मध्ये 'रिझर्व्हिस्ट' हा शब्दच काढून टाकला आणि 'ऑपरेशनली रेडी नॅशनल सर्व्हिसमन' असं लांबलचक नाव दिलं. रिझर्व्ह म्हटलं की दुय्यम, बाकावर बसवलेला खेळाडू वाटतो. आपलंही 'राखीव खेळाडू' तसंच. शिवाय 'राखीव जागा' आहेच, 'राखीव सैनिक' वाचून कोणी कोट्याचा अर्थ लावेल.

वाशिष्ठीकाठ:
तरी माझं मत 'राखीव सैनिक' असंच. माणूस दाखवायचा तर 'दल' नको, काकूंची एसआरपी 'दल' या शब्दामुळेच आली. बातमीत पहिल्यांदा 'नोकरी संपवून घरी गेलेले, पण बोलावता येणारे' एवढं लिहावं, मग खुशाल 'राखीव सैनिक'. त्यांना परत बोलावण्याला मात्र नुसतं 'बोलावणं' लिहू नका. कोकणात बोलावणं आलं म्हटलं की लोक तिरडीचे बांबू शोधायला लागतात.

खेड तालुका:
खरंय. आजी शेवटपर्यंत 'तार आली' एवढंच म्हणायची.

दापोलीकर:
काकूंना सगळं वाचून दाखवलं. टीएचं पटलं नाही. आजोबांचं ऐकून एवढंच विचारलंनी, "परत आले ना ते?"

खेड तालुका:
आले. होळीला घरी होते.